काम सगळ्यात जास्त माझं, तरी म्हणतात ‘टीममध्ये बसत नाहीस’

ताई,
मी सव्वीस वर्षांची आहे. सांगलीत विश्रामबागला एका छोट्या डिजिटल मार्केटिंग एजन्सीत तीन वर्षं काम करतेय. आम्ही सहा जण आहोत. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि गूगलवरच्या जाहिराती चालवणं माझ्याकडे असतं. दिवाळीआधी बेदाणा आणि ड्रायफ्रूटच्या गिफ्ट बॉक्सचं कॅम्पेन होतं. आमचे डिझायनर दादा वयानं मोठे आहेत, आधी फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या दुकानात होते. त्यांचं डिझाइन दोन दिवस झाले तरी येईना. शेवटी मी रात्री घरी बसून मागच्या वर्षीच्या फोटोवर कॅनव्हात स्वतःच पोस्ट बनवली, कंटेंट लिहिणाऱ्या मुलीचा लांबलचक मजकूर निम्मा केला आणि जाहिरात सुरू केली. चौकशा भरपूर आल्या. पण बॉक्स या वर्षी पाचशेऐवजी चारशे ग्रॅमचा होता. हे दादांना फोनवर कळलं होतं, मला नव्हतं. क्लायंट चिडले. मीटिंगमध्ये दादा गप्प बसले, आणि ती मुलगी म्हणाली, ‘आम्हाला कुणी विचारलंच नाही.’ आता वार्षिक रिव्ह्यूमध्ये सर म्हणाले, ‘काम चांगलं आहे, पण तू टीममध्ये बसत नाहीस.’ पगारवाढही कमीच दिली. ताई, सगळी अकाउंट्स माझ्या आयडीवर आहेत, रात्री पेमेंट अडकलं तर मीच उठते. मग टीममध्ये बसायचं म्हणजे सगळ्यांना हो म्हणायचं का? की सरळ पुण्याला जाऊ?
– एक वाचक, सांगली

मैत्रिणी,

सणाच्या तोंडावर रात्र जागून काम उरकायचं आणि वर्षाअखेरीला असं वाक्य ऐकायचं, हे मनाला लागणारच. तुझ्या कष्टांबद्दल मला जराही शंका नाही. सरांनी नुसता शेरा मारून विषय संपवला हेही बरोबर झालं नाही. काय बदलायचं ते सांगितलं नाही तर माणूस सुधारणार तरी कसा? पण सरांनी जो प्रसंग सांगायला हवा होता तो तूच लिहून पाठवला आहेस, म्हणून आधी तिथूनच सुरुवात करते.

त्या रात्री दादांना बॉक्सचं नवं वजन माहीत होतं. त्या मुलीनं मजकूर तसा का लिहिला हे तिला माहीत होतं. जाहिरात कधी सुरू व्हायला हवी, बजेट किती, गेल्या दिवाळीत काय चाललं होतं हे तुला माहीत होतं. आपल्याजवळचं दुसऱ्याच्या हाती कुणीच दिलं नव्हतं. दादांनीही दिलं नव्हतं, आणि फोनवर कळलेली इतकी मोठी गोष्ट मनातच ठेवली हा त्यांचा दोष आहे. तरी बटण तू दाबलंस. बटण दाबणाऱ्यानं आधी विचारायचं असतं, कारण त्याच्यानंतर चूक अडवणारं कुणी उरत नाही. चारशे ग्रॅमच्या बॉक्सची पाचशे ग्रॅम म्हणून जाहिरात झाली म्हणजे गिऱ्हाईक दुकानदाराला लबाड समजणार. क्लायंट चिडले ते उगाच नाही.

सगळ्यांना हो म्हणण्याचा इथं काही संबंधच नाही. कमी बोलणारी, प्रसंगी फटकळ, पण सहकारी म्हणून हवीहवीशी वाटणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याबरोबर काम करताना आपलं कधी अडत नाही, एवढंच त्यांच्यात वेगळं असतं. पुढचा माणूस कामाला बसला की त्याला जे लागणार आहे ते त्यांच्याकडून आधीच त्याच्यापर्यंत पोचलेलं असतं. तुझ्या कामाला एवढं एकच माप लावून बघ. इतर कशाचा विचार आत्ता करू नकोस.

आता दादांचा उशीर. ते दोन दिवस उशीर करत होते असं लिहिलं आहेस. का करत होते, ते पत्रात कुठंच नाही. तू विचारलं होतंस का? कदाचित ते वजनाचं पक्कं उत्तर येण्याची वाट बघत असतील. कदाचित त्यांचं घोडं अक्षरांपाशी अडलं असेल, आणि हे आपल्याकडच्या डिझायनरांचं रोजचं दुखणं आहे. फ्लेक्स आणि पत्रिकांच्या धंद्यातून आलेली माणसं वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये काम करत आली. तू त्यांना व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवतेस तो युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल-इंटरनेटवर चालणाऱ्या आजच्या पद्धतीत असतो. तो उचलून जुन्या फॉन्टमध्ये टाकला की कचरा दिसतो. एक तर कन्व्हर्टरमधून काढायचा आणि जोडाक्षरं तपासत बसायचं, नाही तर सगळं पुन्हा टाइप करायचं. युनिकोड फॉन्ट घेऊन फोटोशॉपमध्ये काम करावं, तर मराठीसारखी लिपी नीट जुळवणारं मजकुराचं ‘वर्ल्ड-रेडी’ सेटिंग निवडलेलं नसेल तेव्हा ‘मिरज’ची वेलांटी ‘म’च्या पुढं जाऊन पडते आणि ‘सर्व’मधला रफार वर चढायचा सोडून पाय मोडून तसाच उभा राहतो. तू संध्याकाळी सहाला ‘दादा, फक्त एक शब्द बदला’ म्हणतेस, तेव्हा त्या एका शब्दासाठी पाच साइझच्या पाच फाइली त्यांना पुन्हा उघडाव्या लागत असतील. एक दिवस त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बस आणि बघ. सेटिंगचा प्रश्न असेल तर दहा मिनिटांत सुटेल. सवयीचा असेल तर मजकूर पक्का झाल्याशिवाय त्यांच्याकडे पाठवायचाच नाही असं तुम्ही तिघं ठरवू शकता. माझ्या अंदाजानं निम्मा उशीर यातच जिरेल.

दुसरं असं, की त्यांनी केलेल्या डिझाइनचं पुढं काय होतं हे त्यांना कधी कळतं का? आकडे तुझ्या स्क्रीनवर असतात. कुठल्या फोटोवर लोक थांबले, कुठला बघून पुढं सरकले, कुठल्यावरून फोन आले, हे रोज तू बघतेस. दादांना फक्त ‘हे चाललं नाही, दुसरं द्या’ एवढंच ऐकू येतं. तेवढ्यावर कुणीही दुसरं नेमकं काय द्यावं? सोमवारी सकाळी पंधरा मिनिटं त्यांना आणि त्या मुलीला तुझ्या स्क्रीनसमोर बसव. गेल्या आठवड्याच्या जाहिराती शेजारी शेजारी लावून नुसतं दाखव: हा बंद बॉक्सचा फोटो, हा उघड्या बॉक्सचा, हा बेदाण्याच्या ओंजळीचा, आणि प्रत्येकाला एका चौकशीमागं किती रुपये पडले. शिकवायला जाऊ नकोस. बघितल्यावर त्यांच्याच तोंडून निघेल की पुढच्या खेपेला काय करून बघावं. पत्रिका आणि फ्लेक्स करून ज्याचं अर्धं आयुष्य गेलं, त्याला लोकांची नजर कुठं जाते हे तुझ्यामाझ्याहून जास्त कळतं. आजपर्यंत त्याला आकडा कुणी दाखवला नव्हता.

त्या मुलीचा मजकूर तू निम्मा केलास. काय कापलंस? सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे तो माल त्या भागाचा असल्याची सरकारी ओळख मिळाली. समज, तिनं ते मजकुरात घातलं होतं आणि तुला ते लांबण वाटलं. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाईकानं आपलाच बेदाणा का घ्यावा, याचं ते एक चांगलं उत्तर आहे. पण मानांकनाचं नाव मालावर लावण्याचा अधिकार नोंदणी केलेल्या अधिकृत वापरकर्त्यालाच असतो, म्हणजे क्लायंटची नोंदणी आहे का हे आधी विचारायला हवं. तिनं विचारलं होतं का? असेल, तर जाहिरातीतलं सगळ्यात भारी वाक्य तू काढून टाकलंस. नसेल, तर ते काढलंस हे चांगलंच झालं, पण का काढलं ते तिला कळलं नाही, आणि पुढच्या महिन्यात ती तेच पुन्हा लिहील. दोन्हीकडे नुकसानच. एक फोन केला असतास तर दोन मिनिटांत निकाल लागला असता.

जागेची अडचण खरी असते, ती आधी सांगायची. गूगलच्या सर्च जाहिरातीत एका शीर्षकाला ३० अक्षरांची मर्यादा आहे आणि वर्णनाला ९० ची. हे तुला पाठ असेल, तिला कुणी सांगितलंय का? लिहायला बसण्याआधी मर्यादा माहीत असली की लिहिणारा माणूस त्यात चपखल बसेल असंच लिहितो. लिहून झाल्यावर कुणी कात्री लावली की त्याला अपमान वाटतो, आणि तो वाटणं चुकीचं नाही.

सर आणि क्लायंट मध्येच ‘फोटो बदला, बजेट वाढवा’ म्हणत असतील, आणि तू आतल्या आत धुमसत असशील. तिथंही हेच कर. मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातीला कुणाला दाखवायचं ते शिकायला वेळ लागतो: शेवटच्या मोठ्या बदलानंतरच्या आठवड्यात साधारण ५० रिझल्ट मिळाले की ती स्थिरावते. मध्येच फोटो बदलला, टार्गेटिंग बदललं, बजेट एकदम वाढवलं की ते शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू. हे तुला माहीत असल्यामुळं तुला त्यांचा राग येतो, आणि त्यांना माहीत नसल्यामुळं तू अडून बसलीस असं वाटतं. कॅम्पेन सुरू व्हायच्या आधी, सगळे बसलेले असताना एकदा सांगून टाक: ‘पहिले सात दिवस याला हात लावायचा नाही. वजन, किंमत, फोन नंबर चुकला असेल तरच लगेच बदलू. बाकी सगळं आठव्या दिवशी.’ यात तू नाहीच म्हणते आहेस. पण कारणासकट आणि वेळेवर म्हटल्यावर त्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

फोनवर कळलेल्या गोष्टींचं काय करायचं, यावर जरा थांबते, कारण आपल्या गावातल्या धंद्याची ही मुख्य गोम आहे. इथं क्लायंट एजन्सीला मेल पाठवत बसत नाही. ओळखीच्या माणसाला फोन लावतो. दादांच्या गल्लीतला असेल तर दादांना, सरांच्या वर्गातला असेल तर सरांना. मार्केट यार्डात उभा राहून, सौद्याच्या गडबडीत सांगतो, ‘अहो, ते वजन बदललंय बरं का,’ आणि ठेवून देतो. ही पद्धत बदलायला जाऊ नकोस, तिच्यावरच इथली कामं मिळतात. तुमच्या ऑफिसात प्रत्येक क्लायंटची एक शीट कर. कुणालाही फोन आला की त्यानं तारीख टाकून एक ओळ लिहायची: काय बदललं, कुणी सांगितलं. दादांना टाइप करायचा कंटाळा असेल तर ग्रुपवर आवाजात पाठवू देत, तू किंवा ती मुलगी उतरवून घ्या. जाहिरात सुरू करण्याआधी ती शीट उघडायची आणि किंमत, वजन, साठा, फोन नंबर या चार गोष्टी दुसऱ्या कुणाकडून तरी बघून घ्यायच्या. स्वतः लिहिलेलं स्वतःला बरोबरच दिसतं.

त्याच शीटमध्ये लिंकची नावं, म्हणजे गिऱ्हाईक कुठून आलं ते कळावं म्हणून लिंकमध्ये घालतो ती नावं, ठरवून ठेवा. व्हॉट्सॲप ब्रॉडकास्टच्या लिंका ती मुलगी बनवते आणि जाहिरातींच्या तू, असं असेल तर एकीनं कॅपिटल अक्षरानं सुरुवात करून फेसबुक लिहिलं आणि दुसरीनं सगळं स्मॉलमध्ये लिहिलं, की गूगल ॲनालिटिक्स त्यांना दोन वेगळे स्रोत धरतं. मग महिन्याच्या रिपोर्टला तुमचे आकडे जुळत नाहीत आणि भांडण मात्र तुम्हा दोघींचं होतं. आणि जाहिरातीत बदल केलास की त्याचं कारणही लिही. गूगल ॲड्सच्या चेंज हिस्टरीत कुणी, कधी, काय बदललं ते दोन वर्षांपर्यंतचं दिसतं. का बदललं ते फक्त बदलणाऱ्याच्या डोक्यात असतं.

आता एक गोष्ट तुला आवडणार नाही. सगळी अकाउंट्स माझ्या आयडीवर आहेत, हे तू अभिमानानं लिहिलं आहेस. मला ते वाचून काळजी वाटली. तू उद्या तापानं फणफणलीस किंवा तुझं फेसबुक खातं लॉक झालं, तर ऐन दिवाळीत सहा जणांचं ऑफिस आणि त्यांचे सगळे क्लायंट खोळंबणार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराचं पाणी गणपती पेठेत, मारुती चौकात शिरलं, तेव्हा एकाच जागी सगळं ठेवलेल्यांचे काय हाल झाले ते सांगलीतल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पेज आणि ॲड अकाउंट क्लायंटच्या स्वतःच्या नावावर असावं, तुमच्या एजन्सीला तिथं परवानगी असावी, आणि ऑफिसातल्या निदान दोघांकडे पूर्ण ताबा असावा. पासवर्ड वाटायची गरज नाही, प्रत्येकाला आपापल्या लॉगिनवरून प्रवेश देता येतो. हे काम या आठवड्यात, कुणी सांगायच्या आधी तू स्वतः कर. किल्ल्या आपल्याकडे असल्या की आपलं महत्त्व टिकेल असं वाटतं खरं, पण बाकीच्यांना त्यातून एवढंच कळतं की हिचा आपल्यावर भरवसा नाही. आणि रात्री पेमेंट अडकल्यावर दर वेळी तूच का उठायचं?

क्लायंटच्या दुकानातला फोन उचलणारा माणूसही तुमच्या टीममध्येच धर. दिवाणजी असतील, मालकांचा पुतण्या असेल. चौकशा भरपूर आल्या असं तू लिहितेस. त्यातल्या किती जणांना त्याच दिवशी परत फोन गेला? मेटाच्या फॉर्ममधून आलेली माहिती ९० दिवसांनंतर डाउनलोड करता येत नाही, आणि गिफ्ट बॉक्स शोधणारं गिऱ्हाईक ९० तासही थांबत नाही. जाहिरात सुरू करण्याच्या आदल्या दिवशी त्या माणसाला स्वतः फोन कर: ‘काका, उद्यापासून फोन येतील, लोक वजन आणि पोच कधी मिळेल हे विचारतील.’ हा फोन त्या रात्री केला असतास तर त्यांनीच सांगितलं असतं, ‘अगं, बॉक्स चारशेचा आहे.’

याचा अर्थ दादांचा उशीर तू मुकाट्यानं गिळायचा असा मुळीच नाही. उशीर होतोय हे दिसल्यावर रात्रीपर्यंत वाट बघू नकोस, दुपारीच बोल. ‘दादा, शुक्रवारी सकाळी जाहिरात चालू करायचीय. गुरुवारी दुपारपर्यंत मला चौकोनी आणि उभी अशा दोन साइझ लागतील. कुठं अडतंय का? काही द्यायचं राहिलंय का माझ्याकडून?’ एवढं विचारूनही गुरुवारी आलं नाही, तर त्यांच्यासमोरच सरांना सांग की शुक्रवार जमणार नाही, शनिवारी सुरू करू. त्यांच्या मागं सांगू नकोस. स्वतः रात्री बसून बनवू तर नकोसच, कारण तसं केलंस की उशिराची किंमत ऑफिसात कुणालाच दिसत नाही, आणि ती तू एकटी तुझ्या झोपेतून मोजत राहतेस. अगदीच वेळ आली तर बनव, पण सुरू करण्याआधी दादांना दाखव. रात्रीचे अकरा वाजले असले तरी फोन कर. ओरडा खावा लागला तर खा.

महिन्याचा रिपोर्ट तूच पाठवत असशील. चाललेल्या जाहिरातीखाली डिझाइन कुणाचं, मजकूर कुणाचा ते नावानिशी लिही. क्लायंटच्या मीटिंगमध्ये ‘मी चालवलेलं कॅम्पेन’ म्हणत असशील तर ते सोड, आणि चुकलं त्या दिवशीही तसंच कर: ‘वजन आमच्याकडून चुकलं, आज बदललंय, यापुढं शीट बघून टाकू.’ त्या मीटिंगमध्ये दादा गप्प बसले याचा तुला राग आहे. पण आपण केलंच नाही अशा पोस्टबद्दल त्यांनी काय बोलायचं होतं?

पुण्याला जायचं तर शिकण्यासाठी, पगारासाठी जरूर जा, तुझं वय आहे. या शेऱ्यावर चिडून जाऊ नकोस. तिथल्या मोठ्या एजन्सीत जाहिरात चालवणारे वेगळे, डिझाइनवाले वेगळ्या मजल्यावर, क्लायंटशी बोलणारा तिसराच, आणि निम्मे लोक घरून काम करणारे. ज्याचा चेहरा पाहिला नाही अशा माणसाकडून वजन बदलल्याची बातमी काढून घ्यायची असते. इथं दादा तुझ्यापासून दोन टेबलं लांब बसतात. ही सवय लावायची तर याहून सोपी जागा तुला मिळणार नाही.

आधी दादांकडे जा. जेवायच्या सुट्टीत, बाकीचे नसताना. त्या रात्री तुम्हाला न विचारता टाकलं, ते करायला नको होतं, एवढंच सांग. त्यांच्या उशिराचा विषय त्या दिवशी काढू नकोस, त्यासाठी त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसशील तो दिवस आहे. त्या मुलीशीही बोल, तिच्या मजकुराबद्दल विचार. मग सरांची वेळ माग आणि त्यांच्याशी मोकळेपणानं बोल: ‘सर, मी टीममध्ये बसत नाही असं तुम्ही म्हणालात ना? बेदाण्याच्या कॅम्पेनमध्ये माझं चुकलं. मी अकाउंट्सचा ताबा दोघांकडे केलाय, शीट सुरू केलीय. अजून काय बदललेलं तुम्हाला दिसायला हवं?’ ते जे सांगतील ते त्यांच्यासमोर लिहून घे, त्यांना मेल कर, आणि पगाराचा विषय सहा महिन्यांनी पुन्हा काढायची तारीख त्याच बैठकीत ठरवून घे.